कोरियन भाषेतील 'तरच': अनिवार्य अट सांगणारे प्रत्यय टप्प्याटप्प्याने

कोरियन शिकणारा मराठी विद्यार्थी सुरुवातीलाच '-म्यॉन' हा प्रत्यय शिकतो आणि 'तर' या अर्थाची सगळी वाक्ये त्या एकाच प्रत्ययावर निभावू लागतो. बोलणे समजतेही, त्यामुळे आपले काही राहून जाते आहे हे बरेच दिवस लक्षात येत नाही. मराठीत 'तर' आणि 'तरच' यांत जेवढे अंतर आहे तेवढेच कोरियनमध्येही आहे, आणि ते दाखवण्यासाठी त्या भाषेत '-आया' किंवा '-ऑया' हा स्वतंत्र प्रत्यय आहे. ज्या अटीवाचून पुढची गोष्ट घडूच शकत नाही, ती अट या प्रत्ययाने सांगितली जाते.

बहुतेक पाठ्यपुस्तके हा प्रत्यय सुटा शिकवत नाहीत. 'हादा' म्हणजे 'करणे' हे क्रियापद त्याला जोडून '-आया हादा' असा तयार जोड देतात आणि त्याचा अर्थ 'केलेच पाहिजे' असा सांगून पुढे जातात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी सुटा '-आया' नीट समजला, तर 'केलेच पाहिजे', 'करायला हवे होते', 'करायचे ना!' ही सगळी रूपे त्यातूनच उलगडत जातात आणि वेगवेगळी पाठ करावी लागत नाहीत. म्हणून पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

एक गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. येथे कोरियन शब्द देवनागरीत लिहिले असले तरी अभ्यास हंगुल लिपीतूनच करावा, कारण देवनागरीत काही ध्वनी नेमके उतरत नाहीत. या लेखात 'ऑ' हे चिन्ह मराठी 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधल्या, आखूड स्वरासाठी वापरले आहे. 'मुन' आणि 'नुन' यांसारख्या अक्षरांतील 'उ' काही ठिकाणी ओठ गोल न करता म्हणायचा असतो, तो फरक हंगुलमध्ये दिसतो, येथे दिसत नाही. 'ज' सर्वत्र 'जीवन'मधला आहे. 'ग', 'द', 'ब', 'ज' हे वर्ण शब्दाच्या आरंभी थोडे 'क', 'त', 'प', 'च' यांच्याकडे झुकलेले ऐकू येतात.

पहिली पायरी: रूप तयार करणे

कोशातील प्रत्येक कोरियन क्रियापद 'दा'ने संपते (काही व्यंजनांनंतर तो 'ता' असा ऐकू येतो). तो 'दा' काढला की धातू उरतो. धातूचा शेवटचा स्वर 'आ' किंवा 'ओ' असेल तर '-आया' लागतो आणि इतर कोणताही स्वर असेल तर '-ऑया' लागतो. 'बात्ता' (मिळणे, स्वीकारणे) याचे 'बादाया' होते आणि 'मॉक्ता' (खाणे) याचे 'मॉगॉया' होते. येथे 'ओ' आणि 'ऑ' यांची गल्लत करू नये. 'बोदा' (पाहणे) 'ओ'चा असल्याने 'ब्वाया' होतो, तर 'सॉदा' (उभे राहणे) 'ऑ'चा असल्याने 'सॉया' होतो. 'हादा' मात्र या नियमात बसत नाही. त्याचे रूप 'हेया' असे होते आणि कायद्याच्या किंवा जुन्या धाटणीच्या लेखनात 'हायॉया' असे पूर्ण रूपही भेटते.

अनियमित धातूंची यादी लांब आहे, पण ती नव्याने पाठ करण्याची गरज नाही. ज्याला रोजच्या बोलण्यातील '-आयो' किंवा '-ऑयो' ने संपणारे वर्तमानकाळी रूप येते, त्याने त्यातला शेवटचा 'यो' काढून 'या' लावावा. 'गायो' (जातो) चे 'गाया', 'वायो' (येतो) चे 'वाया', 'माश्यॉयो' (पितो) चे 'माश्यॉया', 'छुवॉयो' (थंडी आहे) चे 'छुवॉया', 'मोल्लायो' (माहीत नाही) चे 'मोल्लाया', 'दुरॉयो' (ऐकतो) चे 'दुरॉया' असे रूप हाती येते. धातूतला जो बदल '-यो' च्या रूपात आधीच झालेला असतो, तोच येथे जसाच्या तसा येतो, त्यामुळे वेगळी तालीम लागत नाही.

ही युक्ती 'इदा' म्हणजे 'असणे, -च असणे' या नामाला लागणाऱ्या रूपाला लागू पडत नाही. तेथे नाम व्यंजनान्त असेल तर '-इऑया' आणि स्वरान्त असेल तर '-यॉया' लागतो. 'हान्गुक सारामिऑया हेयो' म्हणजे 'कोरियन माणूसच असला पाहिजे' आणि 'उइसायॉया हेयो' म्हणजे 'डॉक्टरच असला पाहिजे'. याच अर्थाने '-इराया' आणि '-राया' ही रूपेही ऐकू येतात.

लेखनाचा एक मुद्दा येथेच सांगतो, कारण त्यात कोरियन माणसेही सर्रास चुकतात. 'द्वेदा' म्हणजे 'होणे, चालणे'. त्याचे पूर्ण रूप 'द्वेऑया' आणि संक्षिप्त रूप 'द्वेया'. संक्षिप्त रूप हंगुलमध्ये लिहिताना 'ऑ'चा अंश त्या अक्षरात मिसळलेला दिसला पाहिजे. केवळ मूळ धातूचे अक्षर लिहून त्याला 'या' जोडणे चूक ठरते. उच्चार दोन्हींचा सारखाच असल्याने कान मदत करत नाही. शाळकरी मुलांना यासाठी एक ताळा शिकवतात: त्या जागी 'हादा'मधला 'हा' आणि 'हेया'मधला 'हे' म्हणून पाहावे, 'हे' शोभत असेल तर मिसळलेले अक्षर लिहावे. 'हेया' शोभते, 'हाया' शोभत नाही, म्हणून येथे मिसळलेलेच अक्षर बरोबर.

दुसरी पायरी: 'तर' आणि 'तरच'

आता पुढील दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत.

बिगा ओम्यॉन ब्यॉगा जाल जारायो. (पाऊस पडला तर भात चांगले वाढते.)
बिगा वाया ब्यॉगा जाल जारायो. (पाऊस पडला तरच भात चांगले वाढते.)

पहिल्या वाक्यात पाऊस हे भात वाढण्याचे एक कारण आहे, कालव्याच्या पाण्यावरही ते वाढत असेल, त्याबद्दल वाक्य काही बोलत नाही. दुसऱ्या वाक्याने बाकीच्या वाटा बंद केल्या आहेत. पाऊस नसेल तर भात नाही, एवढे त्यात गृहीत आहे. '-आया' चा नकारार्थी अर्थ असा वाक्याच्या पोटात दडलेला असतो, आणि म्हणूनच त्याच्या पुढच्या भागात 'सु इत्ता' म्हणजे 'शक्य असणे' हे रूप वारंवार येते. 'बिजागा इस्सॉया हान्गुगे गाल सु इस्सॉयो' म्हणजे 'व्हिसा असेल तरच कोरियाला जाता येते'. दक्षिण कोरियात २०२० पासून मतदानाचे किमान वय १८ वर्षे आहे, ते सांगताना 'मान शिप्फाल सेगा द्वेऑया थुफ्योहाल सु इस्सॉयो' असे वाक्य होते. 'मान' हा शब्द पूर्ण झालेली वर्षे मोजायची असे सांगतो. पात्रता, परवाना, वय, कागदपत्रे यांबद्दलचे बोलणे या प्रत्ययाशिवाय होतच नाही.

जोर आणखी वाढवायचा असेल तर 'मान' म्हणजे 'फक्त' हा शब्द पुढे जोडून '-आयामान' करतात. 'तरच' मधला 'च' लांबवून म्हणावा तसा त्याचा परिणाम होतो. मात्र प्रत्येक वाक्यात तो घालू नये, भाषण ठोकल्यासारखे वाटते.

मराठी 'तरच' येथपर्यंत अचूक साथ देतो, पण एका ठिकाणी तो दगा देतो. मराठीत 'पैसे असतील तरच घ्या' हे वाक्य अगदी सरळ आहे. कोरियनमध्ये '-आया' नंतर आज्ञा, विनंती किंवा 'चला, करू या' असा प्रस्ताव येऊ शकत नाही. 'दोनि इस्सॉया सासेयो' हे वाक्य कोरियन कानाला तुटलेले वाटते. त्याऐवजी 'दोनि इस्सुम्यॉन सासेयो' (पैसे असतील तर घ्या) असे म्हणावे, आणि 'च' सोडायचाच नसेल तर 'दोनि इस्सुल त्तेमान सासेयो' म्हणजे 'पैसे असतील तेव्हाच घ्या' अशी रचना करावी. कारण असे की '-आया' वस्तुस्थितीचा नियम सांगतो, कोणाला काही करायला लावत नाही. मराठी माणसाची या प्रत्ययातली सर्वांत मोठी चूक हीच असते, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेत ती चूकच नसते.

दुसरे बंधन भूतकाळाचे आहे. 'रात्र झाली तेव्हाच तो घरी आला' असे घडून गेलेले सांगायचे असेल तर '-आया' चालत नाही, '-आसॉया' किंवा '-ऑसॉया' लागतो: 'बामि द्वेऑसॉया जिबे वास्सॉयो'. 'उशिरा का होईना, तेव्हा कुठे' ही छटा त्यात आपोआप येते.

तिसरी पायरी: म्हणींतून पक्के करणे

हा प्रत्यय अंगवळणी पाडण्यासाठी कोरियन म्हणींइतके चांगले साधन दुसरे नाही, कारण कितीतरी म्हणी याच एका प्रत्ययावर उभ्या आहेत. 'गुसुरि सॉ मारिरादो क्क्वेऑया बोबे' या म्हणीचा अर्थ, मणी तीन माल भरले तरी ओवले तरच दागिना. 'माल' हे धान्य मोजण्याचे जुने माप, साधारण १८ लिटरचे. येथे '-ऑया' नंतर क्रियापदही नाही, नुसते 'बोबे' म्हणजे 'मौल्यवान वस्तू' हे नाम आहे, तरी वाक्य पुरे होते.

'सोनप्प्यॉक्तो माजु छॉया सोरिगा नान्दा' म्हणजे 'टाळीसुद्धा दोन हात एकमेकांवर आपटले तरच वाजते'. मराठी वाचकाला हे ऐकताच 'एका हाताने टाळी वाजत नाही' आठवेल. 'विन्मुरि माल्गाया आरेन्मुरि माक्ता' म्हणजे 'वरचे पाणी नितळ असेल तरच खालचे नितळ असते', आणि आपल्याकडे 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार'. या जोड्या नीट पाहिल्या तर दोन्ही भाषांची सवय उघड होते. मराठी म्हण अनिवार्य अट बहुधा नकारातून सांगते: 'आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही', 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही'. कोरियन म्हण तीच अट होकारातून सांगते. त्यामुळे मनात मराठी वाक्य '-ल्याशिवाय … नाही' अशा घडणीत आले, की त्यातले दोन्ही नकार काढून '-आया' लावून पाहण्याची सवय करावी. 'खाल्ल्याशिवाय कळत नाही' हे वाक्य कोरियनमध्ये 'मॉगॉ ब्वाया आरायो', म्हणजे शब्दशः 'खाऊन पाहिले तर(च) कळते' असे होते.

दोन नकारांची रचना कोरियनमध्ये नाहीच असे मात्र नव्हे. '-जि आन्खोसॉनुन' ही रचना '-ल्याशिवाय' च्या जागी चपखल बसते: 'हे बोजि आन्खोसॉनुन आल सु ऑप्सॉयो' म्हणजे 'करून पाहिल्याशिवाय कळणे शक्य नाही'. ती थोडी वजनदार आहे, लेखात आणि भाषणात अधिक शोभते. रोजच्या बोलण्यात '-आया' सुटसुटीत.

आणखी एक म्हण वहीत उतरवून घ्यावी: 'गानुन मारि गोवाया ओनुन मारि गोप्ता', म्हणजे 'जाणारा शब्द गोड असेल तरच येणारा शब्द गोड असतो'. तिच्यात 'गोप्ता' (सुंदर, गोड असणे) हा धातू दोनदा येतो, एकदा '-आया' लागून 'गोवाया' असा बदललेला आणि एकदा मूळ रूपात. 'ब'कारान्त अनियमित धातूंना बहुधा 'वॉ' येतो, जसे 'छुवॉया'. 'वा' घेणारे एकाक्षरी धातू दोनच, 'गोप्ता' आणि 'दोप्ता' (मदत करणे), त्यांपैकी एक या म्हणीमुळे कायमचा लक्षात राहतो.

चौथी पायरी: 'पाहिजे', 'लागते' आणि 'चालते'

सुटा '-आया' समजला की '-आया हादा' आणि '-आया द्वेदा' यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 'केले तरच होते', 'केले तरच चालते' यातूनच 'केले पाहिजे' निघते. पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा आणि रायगड जिल्ह्यात विळे-भागाडला पोस्कोचा कारखाना आहे. अशा ठिकाणी दुभाषा म्हणून काम करू इच्छिणाऱ्याला 'आन्जॉन्मोरुल स्सॉया हाम्निदा' म्हणजे 'सुरक्षा हेल्मेट घातलेच पाहिजे' या धाटणीची वाक्ये पहिल्या दिवसापासून लागतील. सूचनाफलक, नियमावली आणि औपचारिक लेखन यांत 'हादा' अधिक दिसतो, बोलण्यात 'द्वेदा' अधिक ऐकू येतो. या दोघांच्या अर्थांतील सूक्ष्म भेदांवर काही पुस्तके पानेच्या पाने खर्च करतात, सुरुवातीच्या विद्यार्थ्याने त्यात वेळ घालवू नये.

'द्वेदा'ला मराठीत 'चालणे' मानले की या घरातली चार-पाच रूपे एकदम सुटतात. 'गादो द्वेयो' म्हणजे 'गेले तरी चालते'. 'गाम्यॉन आन द्वेयो' म्हणजे 'गेले तर चालत नाही', अर्थात जायचे नाही. 'आन गादो द्वेयो' म्हणजे 'नाही गेले तरी चालते'. 'आन गाम्यॉन आन द्वेयो' म्हणजे 'गेल्याशिवाय चालत नाही'. आणि 'गाम्यॉन द्वेयो' म्हणजे 'गेले की झाले', बाकी काही करावे लागत नाही. या शेवटच्या रूपाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ते पुरेशी अट सांगते, अनिवार्य नव्हे. रस्ता विचारणाऱ्याला 'येथून सरळ जा की झाले' सांगताना '-म्यॉन द्वेयो' म्हणावे. तेथे '-आया द्वेयो' म्हटले तर दुसरा मार्गच नाही असा अर्थ होतो.

'पाहिजे' चा नकार करताना जपावे. 'जायलाच पाहिजे असे नाही' यासाठी 'आन गादो द्वेयो' आहे. 'करता कामा नये' यासाठी '-जि माराया हादा' आहे, जसे 'गॉजिन्मारुल हाजि माराया हेयो', म्हणजे 'खोटे बोलता कामा नये'. पहिले सूट देते, दुसरे मनाई करते.

हेतू आधी सांगून अट नंतर सांगायची असेल तर '-र्यॉम्यॉन' म्हणजे '-यचे असेल तर' हा प्रत्यय पहिल्या भागात घालावा: 'सॉउल्ल्यॉगे गार्यॉम्यॉन जिहाछॉरुल थाया द्वेयो', म्हणजे 'सोल स्थानकावर जायचे असेल तर मेट्रोने जावे लागते'. पहिल्या भागात '-र्यॉम्यॉन' आणि दुसऱ्यात '-आया' ही जोडी इतकी पक्की आहे की तिची दहा-वीस वाक्ये स्वतःच्या गरजेची करून ठेवावीत. टोपिक या कोरियन भाषेच्या अधिकृत क्षमता-परीक्षेच्या दुसऱ्या भागात, म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या पातळीसाठीच्या प्रश्नपत्रिकेत, लेखनाचे ५१ आणि ५२ क्रमांकाचे प्रश्न रिकाम्या जागा पूर्ण करण्याचे असतात. वाक्याचा पहिला भाग '-र्यॉम्यॉन'ने संपलेला दिसला, की दुसरा भाग कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज तेथे चटकन येतो.

पाचवी पायरी: 'जावे लागले' आणि 'जायला हवे होते'

भूतकाळाचा काळवाचक अंश कोठे बसवायचा यावर सगळा अर्थ अवलंबून असतो. 'गाया हेस्सॉयो' यात भूतकाळ 'हादा'ला लागला आहे, अर्थ 'जावे लागले'. 'गास्सॉया हेस्सॉयो' यात तो 'जाणे' या धातूलाही लागला आहे, अर्थ 'जायला हवे होते', म्हणजे गेलो नाही आणि आता त्याची चुटपुट आहे. मराठीत हे दोन अर्थ कोणीही एकमेकांत मिसळत नाही, त्यामुळे मनात मराठी वाक्य नीट ठरवले की कोरियन रूप चुकण्याचे कारण उरत नाही.

स्वतःशी ठरवताना '-आयाजि' वापरतात: 'इजे जायाजि' म्हणजे 'चला, आता झोपायला हवे'. आत्ताच लक्षात आले, आता हे करावे लागणार, अशा वेळी 'गायागेस्सॉयो' म्हणजे 'निघायला हवे' हे रूप येते, आणि पाहुणा घरातून उठताना ते हमखास म्हणतो. दुसऱ्याला '-आयाजि' म्हटले की मात्र ते दटावणे होते. 'जॉन्ह्वारुल हेस्सॉयाजि!' म्हणजे 'फोन करायचा ना!'. हे बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसालाच म्हणावे. शेवटी 'यो' जोडून '-आयाजियो' केले तरी वडीलधाऱ्यांपुढे किंवा कार्यालयातील वरिष्ठांपुढे ते उद्धटपणाचे वाटू शकते, तेथे 'केले तर बरे होईल' अशा अर्थाचे '-म्यॉन जोखेस्सॉयो' सुरक्षित.

'-आया हादा' लिहिताना मध्ये जागा सोडतात, '-आयाजि' आणि '-आयागेत्ता' सलग लिहितात.

सहावी पायरी: फसवे '-आ ब्वाया'

वर आलेल्या 'मॉगॉ ब्वाया आरायो' या वाक्यातला 'ब्वाया' हा 'करून पाहणे' या अर्थाच्या 'बोदा'चा आहे. पण 'जिगुम गा ब्वाया आमुदो ऑप्सॉयो' या वाक्यात रूप तेच असूनही अर्थ अगदी वेगळा आहे: 'आता गेले तरी तेथे कोणी नसणार'. येथे 'तरच' जाऊन 'तरी' आला. ऐकणारा ओळखतो ते दुसऱ्या भागावरून. तेथे उपयोग नाही, कोणी नाही, फरक पडत नाही अशा अर्थाचे शब्द आले किंवा वाक्याच्या आरंभी 'आमुरि' म्हणजे 'कितीही' हा शब्द आला, तर '-आ ब्वाया' चा अर्थ 'करूनही व्यर्थ' असा घ्यावा. दुसऱ्या भागात काही साधते, कळते, मिळते असे असेल तर 'केले तरच' असा घ्यावा. कोरियन क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने वाक्य संपेपर्यंत निर्णय पुढे ढकलण्याची तयारी लागते, आणि मराठीतही क्रियापद शेवटीच येत असल्याने ही तयारी आपल्याला जड जात नाही.

सरावासाठी रोजच्या व्यवहारातली नियमांची वाक्ये घ्यावीत: ग्रंथालयाचे, बँकेचे, सोसायटीच्या फलकावरचे. प्रत्येक नियम आधी '-म्यॉन'ने, मग '-आया'ने, मग '-र्यॉम्यॉन … -आया'ने लिहावा, आणि प्रत्येक वेळी अर्थ किती सरकला हे मराठीत शेजारी नोंदवावे. जेथे '-म्यॉन' चालतो पण '-आया' चालत नाही, तेथे दुसऱ्या भागात आज्ञा किंवा घडून गेलेली घटना आहे का ते पाहावे. शंका आली तर राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेचा शिकाऊंसाठीचा ऑनलाइन कोश उघडावा. तो विनामूल्य आहे, व्याख्या सोप्या कोरियनमध्ये आहेत आणि प्रत्ययांनाही शब्दांसारख्या स्वतंत्र नोंदी आहेत, त्यामुळे '-आया' हा प्रत्यय थेट शोधता येतो आणि त्याखालची उदाहरणे वर सांगितलेल्या बंधनांशी ताडून पाहता येतात.